वडिलांचा रिपोर्ट कुणाचा?

ऑगस्ट २०१० ची गोष्ट. इंग्लंडमधली एक तरुणी, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एकाकडून तिला चुकून कळलं, की वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. निदान पक्कं होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्यातले पहिले पाच महिने ती गरोदर होती, आणि ती गरोदर आहे हे वडिलांच्या टीमला ठाऊक होतं.

जानेवारी २०१३ मध्ये तिची स्वतःची चाचणी पॉझिटिव्ह आली. तिने तीन एनएचएस ट्रस्टवर, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या संस्थांवर, दावा लावला. कोर्टाच्या कागदांत तिचं नाव फक्त ‘एबीसी’ आणि वडिलांचं ‘एक्सएक्स’. खरी नावं बाहेर आली असती, तर ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिच्याच कपाळी तो शिक्का बसला असता. खटला ओळखला जातो ‘एबीसी विरुद्ध सेंट जॉर्जेस हेल्थकेअर एनएचएस ट्रस्ट’ या नावाने.

रुग्णाची जनुकीय माहिती नातेवाइकांना सांगावी का, या चर्चेत सहसा सोपं उदाहरण घेतात. एका बहिणीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय बदल सापडतो, दुसरीला वेळेत सांगितलं तर तिची तपासणी होते, जीव वाचतो. तिथे मन फारसं अडखळत नाही. मी हे प्रकरण घेतलं, कारण इथे सांगून जीव वाचणार नव्हता. आजार थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं. मग त्या माहितीची किंमत काय, आणि ती कुणी ठरवायची?

काय घडलं

२००७ मध्ये वडिलांनी आईला गोळी घालून मारलं. मानसिक स्थितीमुळे जबाबदारी कमी धरून त्यांना खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं आणि तुरुंगाऐवजी बंदिस्त मनोरुग्णालयात ठेवण्याचा आदेश झाला. पुढे तिथल्या ट्रस्टने कुटुंबासाठी फॅमिली थेरपी, म्हणजे घरच्यांना एकत्र बसवून उपचार, सुरू केली. मुलगी त्या बैठकांना येत होती.

हा तपशील नीट डोळ्यांसमोर आणावा, कारण खटल्याचा सगळा भार पुढे त्याच्यावरच पडला. आई गेलेली, आणि जिने आई गमावली ती मुलगी त्याच माणसासमोर खुर्ची ओढून बसते, कारण तिला तिथे बोलावलेलं असतं. तिच्याशी बोलणारे लोक तिच्या वडिलांचेही उपचारक. रुग्णाला फळं घेऊन येणारी, तासभर बसून निघून जाणारी पाहुणी ती नव्हती. उपचाराच्या खोलीत तिची स्वतःची जागा होती.

२००९ मध्ये डॉक्टरांना हंटिंग्टनची शंका आली. मनोरुग्णालयात ही शंका येणं नवलाचं नाही. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली हे या आजाराचं ठळक लक्षण. पण त्या दिसण्याच्या आधी, कधी कित्येक वर्षं आधी, चिडचिड, नैराश्य, तोल सुटणं, विचारांचा गोंधळ असं काहीबाही सुरू झालेलं असतं. नोव्हेंबर २००९ मध्ये जनुकीय चाचणीने शंका खरी ठरवली.

एबीसीला एक बहीणही होती. दोन्ही मुलींना सांगायची परवानगी टीमने वडिलांकडे मागितली. त्यांनी नाही म्हटलं. कारण दिलं ते असं: मुलींना धक्का बसेल, त्या जिवाचं बरंवाईट करून घेतील, किंवा गर्भ पाडतील. डॉक्टरांनी नकार मानला. एप्रिल २०१० मध्ये एबीसीला मुलगी झाली.

हा आजार कसा चालतो हे थोडक्यात सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. चौथ्या गुणसूत्रावर एचटीटी नावाचं जनुक आहे. त्यात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने किती वेळा येतात, सारा खेळ त्या आकड्याचा. २६ पर्यंत काही नाही. २७ ते ३५ मध्ये स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, आणि जनुक वडिलांकडून येतं तेव्हा तो वाढण्याची शक्यता जास्त. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाही. ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, माणूस पुरेसा जगला की, आजार होणारच. आई किंवा वडिलांपैकी एकाकडे सदोष प्रत असेल तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात, म्हणजे बहुतेकांची मुलंबाळं तोवर झालेली असतात. जनुक नेमकं सापडलं १९९३ मध्ये; तेव्हापासून साध्या रक्ततपासणीतून थेट उत्तर मिळतं. आणि तरीही, धोका माहीत असलेल्या लोकांपैकी बहुसंख्य ही चाचणी करून घेत नाहीत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे एबीसीच्या विरोधात जाणार आहे.

नकाराचं वजन

वडिलांच्या नकारामागच्या तीन भीती पुन्हा वाचाव्यात. पहिल्या दोन मुलींच्या काळजीतून आलेल्या वाटतात आणि त्या पोकळही नाहीत. आत्महत्येचा धोका या आजाराच्या कुटुंबांत खरोखरच असतो, म्हणून तर भाकीत करणाऱ्या चाचणीआधी समुपदेशनाच्या बैठका होतात. तिसरी भीती मात्र वेगळ्या जातीची आहे. मुलगी गर्भ पाडेल, म्हणून सांगू नका. याचा सरळ अर्थ असा, की माहिती मिळाली तर मुलगी स्वतः एक निर्णय घेईल आणि तो मला नको आहे. गोपनीयता माणसाला स्वतःचं खासगी जपण्यासाठी दिलेली असते. दुसऱ्याचा निर्णय अडवण्यासाठी ती वापरली जात असेल, तर तराजूत तिचं वजन तेवढंच धरायचं का? माझ्या मते नाही. पण तिथल्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर हे इतक्या ठामपणे म्हणालो असतो का, याची मला खात्री नाही.

कारण दुसऱ्या पारड्यातही वजन होतं. माणूस मनोरुग्णालयात आहे, त्याच्या हातून भयंकर कृत्य घडलंय, म्हणून त्याचा नकार हलका होत नाही. बंदिस्त रुग्णाकडे स्वतःचं म्हणावं असं आधीच थोडं उरलेलं असतं. त्याचा विश्वास तुटला तर उपचारच बसतात. शिवाय डॉक्टर घरच्यांना सांगून टाकतात अशी बोलवा झाली, तर उद्या चाचणीला कोण येईल? गोपनीयतेत सार्वजनिक हित आहे असं म्हणतात ते याच अर्थाने.

आणि मुलीचं काय? न जाणून घेण्याचाही हक्क असतो. पंचविशीतल्या एखाद्या मुलीला तिने न विचारता सांगायचं, की पुढे तुला एक असाध्य आजार होण्याची शक्यता निम्मी आहे, तर ते परत घेता येत नाही. बरं, आधी विचारावं म्हटलं तर विचारायचं कसं? ‘वडिलांविषयी एक वैद्यकीय गोष्ट आहे, तुम्हाला जाणून घ्यायची आहे का?’ हा प्रश्न ऐकला की उत्तराचा अर्धा भाग हातात आलेलाच असतो. मोठ्या गोतावळ्यात निदान ‘तुमच्या वडिलांच्या बाजूच्या कुणामध्ये तरी’ असं नाव न घेता सांगता येतं. इथे धोक्याची वाट एकच, वडील. धोका सांगणं म्हणजे वडिलांचं निदान सांगणं. दोन गोष्टी वेगळ्या काढायला जागाच नव्हती.

मार्गदर्शन नव्हतं असं नाही. डॉक्टरांच्या वागणुकीचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २००९ च्याच गोपनीयताविषयक सूचनांत जनुकीय माहितीचा वेगळा उल्लेख केला होता: रुग्ण नाही म्हणाला आणि नातेवाइकाला गंभीर धोका असेल, तर रुग्णाप्रती असलेलं कर्तव्य आणि दुसऱ्याचं संरक्षण यांचा तोल डॉक्टरने सांभाळावा. म्हणजे परवानगी होती. सक्ती नव्हती.

याच प्रकरणाचं उलटं रूप जर्मनीत

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१४ मध्ये हंटिंग्टनचंच एक प्रकरण आलं होतं. तिथे घटस्फोटित नवऱ्याला हा आजार निघाला. त्याच्या संमतीने डॉक्टरांनी त्याच्या आधीच्या बायकोला सांगितलं, की तुमच्या मुलांनाही निम्मा धोका आहे. मुलं अल्पवयीन. जर्मन कायद्यानुसार लक्षणं नसलेल्या अल्पवयीनांची अशी चाचणी करता येत नाही. म्हणजे आईच्या हाती भीती आली आणि ती खरी-खोटी करून घ्यायची सोय नाही. ती नैराश्यात गेली, आणि तिने डॉक्टरवर दावा लावला: मला सांगितलंतच का? न्यायालयाने भरपाई नाकारली.

एक बाई न सांगितल्याबद्दल कोर्टात जाते, दुसरी सांगितल्याबद्दल. दोघी हरतात. या विषयावर कुणी सरळसोट नियम करून दाखवतो म्हणाला, की मी त्याला या दोघींना एका टेबलाशी बसवून तो नियम वाचून दाखवायला सांगेन.

कोर्टात

एबीसीचा दावा २०१५ मध्ये पहिल्याच पायरीला फेटाळला गेला. न्यायमूर्ती निकोल यांच्या मते असं कर्तव्य डॉक्टरांवर लादणं न्याय्य आणि वाजवी ठरणार नव्हतं. जो तुमचा रुग्णच नाही त्याच्याप्रती कर्तव्य मानणं ही फार मोठी उडी झाली असती. मे २०१७ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती अर्विन यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की यात विचार करण्याजोगं काही नाही असं म्हणता येणार नाही, पुरावे ऐका. खटला पूर्ण चालला आणि २८ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती यिप यांनी निकाल दिला.

अशा प्रश्नावर अमेरिकेत कोर्टांनी याआधी डोकं खपवलं होतं, आणि तिथेही एकवाक्यता नव्हती. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, आनुवंशिक थायरॉइड कर्करोगाच्या प्रकरणात, डॉक्टरचं कर्तव्य मुलांपर्यंत पोचतं हे मानलं. पण रुग्णाला सावध केलं की ते पूर्ण झालं, पुढे घरी सांगणं रुग्णाचं काम. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत, आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या प्रकरणात, अपील न्यायालय म्हणालं की केवळ रुग्णाला सांगणं प्रत्येक वेळी पुरेल असं नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये कायदाच बदलला: धोका आज-उद्याचा नसला तरी गंभीर असेल, तर ठरलेल्या मार्गदर्शनाच्या चौकटीत संमतीशिवायही जनुकीय नातेवाइकांना सांगता येतं. फ्रान्सने जबाबदारी रुग्णावर टाकली. घरच्यांना सांगायचं त्यानेच. ते जड जात असेल तर डॉक्टर त्याचं नाव न घेता पत्र पाठवतात. मला ही पत्राची युक्ती आवडते, फक्त एबीसीच्या घरात ती कुचकामी ठरली असती. नाव नसलेलं पत्र वाचून तिने आणखी कुणाचं नाव मनात आणलं असतं?

यिप यांनी कर्तव्य मान्य केलं, पण बेताचं. ‘मुलीला सांगायला हवं होतं’ असं त्या म्हणाल्या नाहीत. मुलीचं जाणून घेण्यातलं हित एका बाजूला, वडिलांची गोपनीयता आणि त्यातलं सार्वजनिक हित दुसऱ्या बाजूला. हे तोलून पाहणं आणि जे निष्पन्न होईल तसं वागणं, एवढं कर्तव्य. तेही जगातल्या सगळ्या नातेवाइकांप्रती नाही. फॅमिली थेरपी चालवणाऱ्या ट्रस्टवर ते आलं, कारण त्यांना मुलगी माहीत होती, तिचा धोका माहीत होता, तिचं गरोदरपण माहीत होतं, आणि ती त्यांच्याच खोलीत बसत होती. मघाशी ज्या खुर्चीचं म्हटलं ती हीच.

मग एबीसी हरली कशी? दोन ठिकाणी. पहिलं, तोलून झाल्यावर न सांगण्याचा जो निर्णय झाला तो जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला योग्य वाटावा असा होता. इंग्लंडच्या कायद्यात वैद्यकीय हलगर्जीपणाची ही जुनीच कसोटी आहे: दुसरा डॉक्टर वेगळं वागला असता एवढ्याने चूक सिद्ध होत नाही. दुसरं, सांगितलं असतं तर तिने त्या काही आठवड्यांत चाचणी करून गर्भपात केलाच असता, हे ‘शक्यता निम्म्याहून जास्त’ या दिवाणी कसोटीवर सिद्ध झालं नाही. दोषी ठरल्यास द्यायची रक्कम ३,४५,००० पौंड अशी दोन्ही बाजूंत ठरलेली होती. ती कागदावरच राहिली.

पहिल्या मुद्द्यावर माझं फारसं भांडण नाही. सांगणं आणि न सांगणं या दोन्हींच्या मागे समजूतदार डॉक्टर उभे राहू शकतात, हे मला पटतं. दुसरा मुद्दा मात्र घशाखाली उतरत नाही.

वेळेचा हिशोब करून पाहा. नोव्हेंबरमध्ये निदान, एप्रिलमध्ये बाळंतपण. म्हणजे निदानाच्या वेळी गर्भ चार महिन्यांच्या आसपास. ब्रिटनमध्ये गर्भपाताची सर्वसाधारण मुदत २४ आठवडे, बाळाला गंभीर अपंगत्वाचा मोठा धोका असेल तर त्यापुढेही वाट आहे. त्या मुदतीत तिने आधी धक्का पचवायचा, समुपदेशनाला जायचं, स्वतःचं रक्त द्यायचं, उत्तर ऐकायचं, मग हवी तर गर्भजल तपासणी, आणि मग ठरवायचं. आणि दहा वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, जी मुलगी आज शाळेत जातेय तिच्याबद्दल, मी तिला जन्म दिला नसता असं कोर्टाला पटवून द्यायचं. बहुतेक लोक चाचणीच करत नाहीत, हे मघाचं वाक्य इथे समोर येऊन उभं राहतं. आपण त्या वेळी काय केलं असतं हे कोणती आई छातीठोकपणे सांगेल? तिने गमावलं ते ठरवण्याची संधी. कायद्याने विचारलं, ठरवलं काय असतंस? हे दोन प्रश्न एक नाहीत, आणि हलगर्जीपणाच्या कायद्याच्या साच्यात पहिल्याला खण नाही.

रक्त काढण्याआधी

या खटल्यावरची बरीचशी चर्चा निदानानंतर काय करायला हवं होतं, याच्याभोवती फिरते. मला वाटतं खरी संधी त्याच्या आधी होती.

जनुकीय आजारांच्या डॉक्टर ॲनेके लुकासेन आणि वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक मायकेल पार्कर यांनी २००४ मध्ये एक उपमा मांडली: जनुकीय माहिती म्हणजे बँकेतलं जॉइंट अकाउंट. एकाच्या सहीने पैसे भरले तरी खातं दोघांचं. ‘यांना हंटिंग्टन झालाय, त्यांचा तोल जातो, ते अमुक वॉर्डात आहेत’ हे रुग्णाचं एकट्याचं. ‘या कुटुंबात हा बदल आहे’ हे खात्याचं. उपमा पुरती बसत नाही. बँकेतले पैसे नको असतील तर काढू नयेत, ही माहिती मात्र एकदा हातात पडली की खर्च होतेच. पण तिचा एक मोठा उपयोग आहे. खातं उघडतानाच अटी सांगायच्या असतात.

म्हणजे सुई टोचण्याआधी रुग्णाला म्हणायचं: ही चाचणी तुमची आहे, तशी तुमच्या मुलांचीही आहे. उत्तर होकारार्थी आलं तर त्यांना कसं, कुणी, कधी सांगायचं हे आज बोलू. तुम्ही सांगू शकत नसाल तर आम्ही सोबत बसू. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही ते ऐकू, पुन्हा विचारू. पण फार गंभीर प्रसंगात तुमच्या मनाविरुद्ध सांगायची वेळ आमच्यावर येऊ शकते, हेही आत्ताच सांगून ठेवतो. हे ऐकून रुग्ण चाचणी नको म्हणाला तर तोही त्याचा अधिकार. निकाल हातात आल्यावर हेच वाक्य बोललं तर ती धमकी वाटते. आधी बोललं तर करार.

जनुकीय समुपदेशन करणारे एक गोष्ट अनुभवाने जाणतात: ठाम, कायमचा नकार विरळा. बहुतेक ‘नाही’ हे ‘आत्ता नाही’ असतं. अपराधी वाटत असतं, भीती असते, कुठल्या तोंडाने सांगू हे कळत नसतं. दोन-तीन महिने जाऊ दिले की माणूस बोलता होतो. एरवी वाट पाहणं हेच शहाणपण. इथे दुसरीकडे गर्भ वाढत होता. ज्या धीराने इतर प्रकरणं सुटतात, तोच धीर इथे मुलीच्या वाटणीचे आठवडे संपवत होता. म्हणून ‘पुन्हा विचारू’ला तारीख लागते: अमक्या दिवसापर्यंत विचारू, त्यानंतर टीम बसून ठरवेल, आणि कोणी काय बाजू मांडली ते फाइलमध्ये लिहिलं जाईल. यिप यांच्या निकालानंतर तर ही नोंद म्हणजे डॉक्टरांचं चिलखत आहे. विचार करून न सांगणं कायद्यात तगलं. तिथे विचारच केला नसता तर निदान पहिल्या मुद्द्यावर निकाल बहुधा वेगळा लागला असता.

फॅमिली थेरपीबद्दल आणखी एक. निदान झाल्यावरही बैठका पूर्वीसारख्याच चालू ठेवायच्या, म्हणजे खोलीतल्या काहींना एक गोष्ट माहीत आणि एकीला नाही, असं ठरवून बसायचं. गुपित राखायचंच होतं तर ती थेरपी थांबवणं किंवा मुलीसाठी वेगळा, वडिलांच्या फाइलशी संबंध नसलेला समुपदेशक देणं शक्य होतं. दोन मालकांची चाकरी एकाच टीमने करू नये.

आणि शेवटी झालं ते काय? डॉक्टरांनी तोलून सांगितलं नाही, वडिलांनी सांगितलं नाही. बोलता बोलता निसटलं. समुपदेशक जवळ नाही, तयारी नाही, तान्हं मूल घरात. सांगण्याच्या जेवढ्या रीती असतील त्यात सर्वांत वाईट हीच, आणि ‘न सांगायचं’ ठरवताना ती हिशोबात धरावीच लागते. इतक्या लोकांना माहीत असलेली गोष्ट वर्षानुवर्षं झाकून राहील, हे गृहीतच कच्चं होतं.

एप्रिल २०१० मध्ये जन्मलेली ती मुलगी आता मोठी होतेय. लक्षणं नसलेल्या अल्पवयीनांची ही चाचणी ब्रिटनमध्येही करत नाहीत; ती करायची की नाही हे तिचं तिने, सज्ञान झाल्यावर, म्हणजे २०२८ नंतर ठरवायचं. तोवर तिला किती सांगायचं, कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत, हे एबीसीच्या हातात आहे.